भूर म्हणजे कुठे?

*ताई, मला साडेपाच वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो, म्हणून रविवारी तरी मुलांना काहीतरी छान दाखवावं अशी माझी धडपड असते. गेल्या रविवारी प्राणिसंग्रहालयात गेलो. आठवडाभर आधीपासून मुलांना चित्रं दाखवून तयारी केली होती. सकाळी अकराला पोचलो. वाघाच्या पिंजऱ्यापाशी धाकट्याने जे भोकाड पसरलं ते थांबेचना. मोठी निम्म्या वाटेतच ‘पाय दुखतात’ म्हणून बसली. एकच्या सुमाराला दोघंही रडत होती आणि पार्किंगमध्ये आम्ही दोघं भांडत होतो. रात्री मुलीला विचारलं, आज सगळ्यात काय आवडलं? ती म्हणाली, ‘नळ.’ पाणी प्यायच्या जागी एक गळका नळ होता, तो. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरांना काय कळतंय, लक्षातसुद्धा राहत नाही. नवरा म्हणतो, मोठी होईपर्यंत कुठे न्यायचंच नाही. इतर आया मुलांना घेऊन काय काय करतात त्याचे फोटो बघते आणि वाटतं, माझ्यातच काही कमी आहे का?*

*– नळ पाहून आलेली आई*

नळ पाहून आलेल्या आईस,

‘नळ’ या शब्दाशी आले आणि मी पत्र खाली ठेवून मोठ्याने हसले. रागावू नका. आठवडाभराची तयारी, दोन पिशव्या (त्या असणारच), एक भांडण आणि हाती काय लागलं, तर नळ. तुम्हाला हसू आलं नसणार हे कळतंय. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच आहे आणि तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे. नळाकडे परत येते. आधी धाकट्याचं बोलू, कारण त्याच्या रडण्याने तुम्ही फार ओशाळलेल्या दिसता.

चार्ल्स डार्विनला १८३९ साली पहिला मुलगा झाला, विल्यम. त्याच्या जन्मापासून बाप नोंदी ठेवत होता आणि पुढे १८७७ मध्ये त्याने त्या लेखरूपाने छापल्या. त्यात एक प्रसंग आहे. विल्यम सव्वादोन वर्षांचा असताना डार्विन त्याला प्राणिसंग्रहालयात घेऊन गेला. हरणं आणि तसलेच ओळखीचे वाटणारे प्राणी बघून पोरगं खूश. पक्षी आवडले, शहामृगसुद्धा आवडले. पण पिंजऱ्यातली मोठी जनावरं दिसली आणि ते भेदरलं. नंतर ते पुष्कळदा म्हणायचं, परत जाऊ या, पण ‘घरातली जनावरं’, म्हणजे ती पिंजऱ्यातली, बघायला नको. ही भीती आली कुठून, ते काही आम्हाला उमगलं नाही, असं डार्विनने प्रांजळपणे लिहून ठेवलंय. जन्मभर प्राण्यांमागे फिरलेल्या माणसाच्या मुलाची ही कथा. तेव्हा तुमच्या धाकट्याने वाघापुढे सूर लावला तर त्यात तुमचं काय चुकलं? चित्रातला वाघ वीतभर होता. हा त्याच्या बाबांपेक्षा मोठा निघाला, वर हलत होता.

आणि विल्यम काय म्हणाला ते बघा. तो ‘जायचं नाही’ म्हणाला नाही. जायचं, पण यादीतली एक गोष्ट वगळून जायचं, म्हणाला. तुमच्या धाकट्याला हे शब्दांत सांगता येत नसेल, म्हणून तो कंठशोष करून सांगतो.

आता मुद्द्यावर येते. धाकटा चपला हातात घेऊन तुमच्यापुढे उभा राहतो तेव्हा काय म्हणतो? ‘भूर.’ हा शब्द आपण सगळ्यांनी वापरलाय, आणि त्याच्याआधी कधी जागेचं नाव लागत नाही हे आपण सगळेच विसरलोय. ‘भूर जायचं’ म्हणणाऱ्या पोराला ‘कुठे रे?’ विचारून बघा. ते दाराकडे बोट दाखवतं. दाराबाहेर पाय पडला की भूर सुरू. जिन्याची पहिली पायरी हेही भूरच. आपण मोठी माणसं त्या भूरचा कार्यक्रम करतो: कुठे, किती वाजता, काय काय बघायचं, परत किती वाजता. मग मूल तिसऱ्या पायरीवर बसून कठड्याच्या गजांतून डोकं बाहेर काढायला लागलं की आपण म्हणतो, ‘चल ना, उशीर होतोय.’ त्याला कळत नाही उशीर कशाला. ते तर पोचलेलं असतं.

हे माझं काव्य नाही. न्यू यॉर्क विद्यापीठात कॅरन अ‍ॅडॉल्फ या मानसशास्त्रज्ञ बाई वर्षानुवर्षं चालायला लागलेली मुलं बघत आल्या आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा मोकळं खेळणारं वर्ष-दीड वर्षाचं मूल तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होतं आणि १७ वेळा पडत होतं. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांच्याच गटाने आणखी एक गंमत केली. पंधरा महिन्यांच्या काही मुलांना ढकलगाडी, चेंडू अशा खेळण्यांनी भरलेल्या खोलीत सोडलं आणि काहींना रिकाम्या खोलीत. खेळण्यांच्या खोलीत मुलं जास्त हिंडतील, असंच कुणालाही वाटेल. पण दोन्हीकडे मुलं सारखीच हिंडली. संशोधकांनाही नवल वाटलं. चालायला त्यांना जागा पुरते, कारण लागत नाही. तुमचा धाकटा या मुलांपेक्षा मोठा आहे, पडतही कमी असेल, पण ही खोड अडीच वर्षांत सुटत नाही असं मी दोन मुलं आणि तीन भाचरं बघून खात्रीने सांगते.

तेव्हा पुढचे दोन महिने कुठेही ‘पोचायला’ निघू नका. भूर जा.

म्हणजे कसं? घरातून बाहेर पडा, चाळीस मिनिटं हातात ठेवा आणि मुलांना पुढे चालू द्या. कोपरा आला की डावीकडे की उजवीकडे ते मुलांनी ठरवायचं. दोघं आहेत म्हणजे भांडण होणार. एक कोपरा ताईचा, पुढचा दादाचा. (अडीच वर्षांच्या मुलाला ‘दादा’ म्हटलं की तो जरा ताठ चालतो. वापरून बघा.) याने कधीकधी तुम्ही एकाच चौकोनाला तीन फेऱ्या मारून परत दारात याल. चालेल. तिसऱ्या फेरीला मुलगी ‘हे कुत्रं मघाशी झोपलेलं होतं, आता बसलंय’ असं काहीतरी सांगेल. हे वाघापेक्षा कमी आहे असं समजू नका. वाघ तिला तुम्ही दाखवलात, हे कुत्रं तिचं तिने शोधलं.

एक जुनी हकिगत सांगते. आम्ही मुलांना पहिल्यांदा समुद्र दाखवायला नेलं तेव्हा कोण उत्साह! माझी धाकटी समुद्राकडे पाठ करून बसली आणि दोन तास एका डब्यात वाळू भरून ओतत राहिली. भरायची, ओतायची, भरायची, ओतायची. मी दर पाच मिनिटांनी ‘ती बघ लाट, ती बघ केवढी लाट’ करत होते. शेवटी यजमान म्हणाले, ‘एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला आलो? हे घरी कुंडीतही झालं असतं.’ पुढच्या आठवड्यात ते कुंडीत झालंच, रोपासकट. रोपाचं मला वाईट वाटलं. समुद्राचं मात्र आता वाटत नाही. त्या दिवशी तिचा समुद्र त्या डब्याएवढा होता आणि तो तिने पुरता पाहिला.

हातात काही ‘करण्यासारखं’ हवंच असेल, तर साडेपाच वर्षांच्या मुलीला मुंग्यांसारखी सोबत नाही. मुंग्यांची रांग दिसली की उकिडवं बसायचं. तुम्हीही बसा, गुडघे कुरकुरले तरी. दोघी मुंग्या समोरासमोर आल्या की क्षणभर थांबून मिशा भिडवतात, ते तिला दिसतंय का बघा. मग रांग जिथून जाते त्या फरशीवर ओल्या बोटाने एक आडवी रेघ ओढा. मुंग्या रेघेशी येऊन अडतील, मागे फिरतील, गोंधळ घालतील. मुंग्या जमिनीवर वास सोडत जातात आणि मागच्या मुंग्या त्या वासावरून चालतात. रेघेपुरता तो वास तुम्ही पुसलात. थोड्या वेळाने एखादी धीट मुंगी पलीकडे जाते आणि रांग हळूहळू जुळते. हे मुलीला लगेच सांगू नका. ती विचारेल, ‘का थांबल्या?’ तुम्ही म्हणा, ‘काय झालं असेल गं?’ तिचं उत्तर तुमच्यापेक्षा भारी असेल. माझ्या भाचीने सांगितलं होतं, ‘त्यांना वाटलं नदी आली.’

आणि एखादा दिवस संध्याकाळी चंद्र असताना निघा. लहान मुलांना चंद्र आपल्यामागे येतो असं खरोखर वाटतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांशी बोलून हे नोंदवून ठेवलंय. त्यावर खेळ करता येतो. मुलगी बाबांबरोबर रस्त्याच्या या टोकाला जाईल, धाकटा तुमच्याबरोबर त्या टोकाला. मग परत भेटून विचारायचं, चंद्र कोणाबरोबर गेला? दोघंही ‘माझ्याबरोबर’ म्हणणार आणि मग ताईसाहेबांच्या कपाळाला आठी पडणार. ती आठी पडली की तुमचं काम झालं. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर लांब आहे, आपण शंभर पावलं कुठेही गेलो तरी तो दिसायचा त्याच दिशेला दिसतो, हे तिला पुढे कधीतरी कळेल. आज सांगायची घाई कशाला?

आता रविवारच्या रडारडीचं रोकडं कारण. तुम्ही अकराला पोचलात आणि एक वाजता सगळं फुटलं. अडीच वर्षांचा मुलगा एक वाजता एरवी काय करत असतो? माझा अंदाज आहे की जेवून झोपत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलंय त्यात एक-दोन वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्यांना १० ते १३. दुपारची झोप यात धरलेली आहे. ती झोप हुकवून, भुकेल्या पोटी, उन्हात, परक्या वासांच्या जागी तुम्ही त्याला वाघापुढे उभं केलंत. मी असते तर मीही रडले असते. निघायचं तर सकाळी लवकर निघा आणि सगळं छान चाललेलं असतानाच परत फिरा. हे शेवटचं फार अवघड असतं, कारण आपल्याला पैसे वसूल करायचे असतात. ‘एवढे आलोय तर हत्ती बघूनच जाऊ.’ त्या हत्तीनेच घात होतो.

प्राणिसंग्रहालयात परत जायला माझी ना नाही. पण एकच प्राणी बघायला जा, तोही मुलांनी आदल्या दिवशी ठरवलेला. तो बघून झाला की नळापाशी बसा, डबा खा आणि घरी या. वाघाकडे पाठ ठेवा. तो कुठे जात नाही.

मोठीच्या दुखणाऱ्या पायांवर माझा फारसा विश्वास नाही. धाकटा कडेवर आणि मी चालतेय, हे तिच्या पायांना दुखतं. (रात्री झोपेतून उठून पाय दुखतात म्हणत असेल, पाय सुजत असेल किंवा ती लंगडत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.) तिला आठवड्यातून एकदा अर्धा तास एकटीला बाहेर न्या, धाकट्याशिवाय. कामालाच न्या, वाण्याकडे, टपाल टाकायला, कुठेही. पिशवी तिच्या हातात द्या. त्या अर्ध्या तासात तिचे पाय दुखणार नाहीत.

ओघात एक-दोन गोष्टी सांगून टाकते, त्यांत भूरपणा चालत नाही. पाणी असेल तिथे, मग ते उथळ का असेना, धाकटा हात लांब केला की लागेल इतक्याच अंतरावर हवा; मुलं बुडतात ती आरडाओरडा न करता बुडतात. वाहनांच्या रस्त्याला हात धरायचा, त्यावर मतदान नाही. गर्दीत जाताना निघण्यापूर्वी दोघांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा आणि तुमचा नंबर त्यांच्या खिशात घाला. मोठीला सांगून ठेवा: आम्ही दिसलो नाही तर आम्हाला शोधत फिरायचं नाही, आहेस तिथेच थांबायचं, आम्ही येतो.

आता सासूबाई. त्या म्हणतात ते निम्मं खरं आहे. मोठ्या माणसांना आपली सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांची असते. त्याआधीचं बहुतेक पुसलं जातं. तेव्हा धाकट्याला हा वाघ आठवणार नाही. पण आठवणी एकदम जात नाहीत, त्या झिजतात. अमेरिकेत पॅट्रिशिया बावर आणि मरीना लार्किना यांनी काही मुलांच्या तिसऱ्या वर्षीच्या प्रसंगांबद्दलच्या गप्पा टिपून ठेवल्या आणि पुढे त्यांना त्याबद्दल विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांतले साठ टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते, आठ-नऊ वर्षांच्यांना चाळीस टक्क्यांहून कमी. म्हणजे तुमच्या मोठीजवळ आत्ता बरंच काही शिल्लक आहे. ते किती टिकेल, त्यात घरातल्या बोलण्याचा मोठा हात असतो. न्यूझीलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माओरी (तिथल्या मूळ रहिवासी) माणसांची सगळ्यात जुनी आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्याही किंचित आधीची निघाली, इतरांच्या बऱ्याच आधीची. त्यांच्या घरांत झालेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा, रंगवून सांगायची रीत आहे, हे त्याचं एक कारण संशोधक देतात.

हे काम तुमच्या घरात कोण उत्तम करील? सासूबाईच. ‘यांना काय कळतंय’ म्हणणाऱ्या आजीला रात्री नातीकडून भूरची हकिगत ऐकायला बसवा. आणि तुमच्या नवऱ्याने लहानपणी काय काय उद्योग केले ते त्यांना मुलांसमोर सांगायला लावा. मुलं ते तीनशे वेळा ऐकतील. नवऱ्याला अवघडल्यासारखं होईल, तो वरचा नफा.

पण विचारताना ‘मजा आली ना?’ असं विचारू नका. त्याला ‘हो’ एवढंच उत्तर असतं आणि ते मूल तुमच्या समाधानासाठी देतं. ‘सगळ्यात काय आवडलं?’ हा प्रश्न चांगला होता, फक्त उत्तर आल्यावर तुम्ही थांबलात. तुम्हाला ‘वाघ’ ऐकायचं होतं. आता विचारा, नळाचं काय झालं? पाणी कुठे जात होतं? तिथे आणखी कोण होतं?

नवऱ्याचं म्हणणं मला तुमच्याएवढं चुकीचं वाटत नाही. दिवसभराच्या मोठ्या सहली वर्षभर पुढे ढकला, कुणाचं काही बिघडत नाही. पण ‘मोठी होईपर्यंत कुठेच नाही’ म्हणणाऱ्याला मी एक विचारते: गेल्या रविवारच्या दोन पिशव्या कोणी भरल्या? तुमच्या पत्रात ‘मला’, ‘माझी’, ‘माझ्यातच’ येतंय आणि तयारीच्या वाक्यांत ‘आम्ही’ एकदाही नाही. पार्किंगमधल्या भांडणाची सुरुवात बहुतेक तिथेच झाली असणार. तेव्हा आठवड्यातली एक भूर त्याची, दोन्ही मुलं घेऊन, एकट्याची. तुम्ही पिशवी भरून द्यायची नाही आणि फोन करून ‘टोपी घातली का’ विचारायचं नाही. पहिल्यांदा तो टोपी विसरेल. दुसऱ्यांदा विसरणार नाही. तेवढा वेळ तुम्ही घरात पाय पसरून बसा. काही वाचू नका, कपड्यांच्या घड्या घालू नका.

इतर आयांच्या फोटोंबद्दल एवढंच सांगते की तुमच्या रविवारचेही चार फोटो छान आले असतील. बघा काढून. त्यांत कुणी रडत नसणार.

तुमच्यात काही कमी नाही. आठवडाभर नोकरी करून रविवारी दोन लहान मुलांना घेऊन उन्हात उभी राहणारी बाई कमी कशी असेल? उलट तुमचं जरा जास्तच झालंय. येत्या रविवारी काही करू नका. पाऊस पडला तर डबक्यात जुन्या चपला घालून सोडा, नाही पडला तर जिन्याच्या पायऱ्या मोजा. धाकटा ‘एक, दोन, सात’ मोजेल. ताई त्याला सुधारेल, मग भांडण होईल, मग खाऊ.

आणि नळाचं मला खरंच कळवा. नुसता ठिबकत होता की धार होती? तिने हात खाली धरला होता का? तुम्ही ‘फ्रॉक भिजेल’ म्हणून तिला ओढलंत का, तेही लिहा. मी ओढलं असतं.

– तुमची ताई